.३०८ साठी शिकारीची बुलेट: १५० की १६५ ग्रेन, शिशाची की तांब्याची?

उत्तरवारा

रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन, २२ इंची बॅरल, ट्विस्ट १:१२ (बॅरलमधल्या खोबणीचा एक पूर्ण फेरा १२ इंचांत). मॅगझिनची आतली लांबी २.८५ इंच. शिकार हरीण आणि रानडुक्कर, साधारण ६० ते १२० किलोची जनावरं. अंतर बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत, क्वचित २५०. त्यापुढे गोळी झाडायची नाही हे नक्की आहे.

काडतुसं मी घरीच भरतो. सध्या १६५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग) साधी जॅकेटवाली सॉफ्ट पॉइंट, म्हणजे उघड्या शिशाच्या टोकाची, वापरतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वेग सुमारे २६५० फूट प्रति सेकंद. आता अशी बुलेट हवी आहे जी डुकराच्या खांद्याच्या हाडातूनही पलीकडे जाईल आणि मांसात शिशाचे कण कमी सोडेल. डोक्यात तीन पर्याय आहेत: १६५ ची बाँडेड, १८० ची साधी सॉफ्ट पॉइंट किंवा अखंड तांब्याची १६५ च्या आसपासची. वजन तेवढंच ठेवलं तर पावडरचा चार्ज (काडतुसात घालायचं पावडरचं वजन) आहे तोच चालेल का? आणि १८० ग्रेन वजनामुळेच जास्त खोल जाईल, हे कितपत खरं?

रानवाट

वजन बाजूला ठेवा. आधी बघायचं ते जनावराला लागताना बुलेटचा वेग किती असेल. प्रत्येक शिकारी बुलेट एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यासाठी बनवलेली असते. त्याच्या खाली ती फुलत नाही, पेन्सिलीसारखं भोक पाडून निघून जाते आणि जखमी जनावर लांब पळतं. पट्ट्याच्या वर ती वरवरच फुटते आणि छातीच्या आत पोचतच नाही.

तुमचे आकडे घेऊ. १६५ ग्रेन, २६५० चा वेग, बी.सी. (हवेचा अडथळा कापण्याचा गुणांक) ०.४३ च्या आसपास धरली तर ५० यार्डांवर साधारण २५५०, २०० वर २२६०, २५० वर २१७० फूट प्रति सेकंद. म्हणजे तुमचा सगळा खेळ २१५० ते २६०० च्या मध्ये आहे. साध्या जॅकेटवाल्या बुलेटसाठी हा पट्टा अगदी मानवणारा. त्या बहुतेक १८०० च्या वर फुलतात, आणि त्या फुटून जाण्याची तक्रार मुख्यतः २९००–३००० च्या वर, मॅग्नम काडतुसातून जवळच्या अंतरावर झाडल्या की येते. त्यामुळे हरणासाठी तुमच्या सध्याच्या बुलेटमध्ये काहीच वाईट नाही. प्रश्न डुकराच्या खांद्याचा आणि शिशाच्या कणांचा आहे, म्हणून रचनेकडे वळू.

साध्या कप-अँड-कोअर बुलेटमध्ये तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट आणि आत नुसतं दाबून बसवलेलं शिसं असतं. हाड लागलं की दोन्ही वेगळे होऊ शकतात. शेवटी उरणारं वजन ढोबळमानाने ५० ते ७० टक्के. बाँडेडमध्ये शिसं जॅकेटला सांधलेलं असतं, त्यामुळे ते सोडून जात नाही. ७० ते ९० टक्के वजन टिकतं. पार्टिशन पद्धतीत मध्ये तांब्याची आडवी भिंत असते. पुढचं शिसं फुलतं, बरंचसं झडतंही, पण भिंतीमागचा भाग तसाच पुढे जात राहतो. जॉन नॉस्लर यांनी ही रचना १९४८ मध्ये बाजारात आणली आणि ती आजही विकली जाते, कारण कमी वेगात फुलणं आणि हाडातून जाणं या दोन्ही गोष्टी ती एकाच बुलेटमध्ये करते. अखंड तांब्याच्या बुलेटमध्ये शिसंच नसतं. टोकाला पोकळी असते, बहुतेक वेळा त्यावर प्लास्टिकचं टोक, आणि ती पाकळ्यांसारखी उघडते. पाकळ्या तुटल्या नाहीत तर ९५ टक्क्यांहून जास्त वजन टिकतं.

आता १८० चा प्रश्न. सेक्शनल डेन्सिटी म्हणजे पौंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. .३० कॅलिबरमध्ये १५० ग्रेनची ०.२२६, १६५ ची ०.२४८, १८० ची ०.२७१. पण हा आकडा न झाडलेल्या बुलेटचा आहे. १८० ची साधी बुलेट हाडात ४० टक्के झडली तर उरतात १०८ ग्रेन. १५० ची तांब्याची ९५ टक्के टिकली तर उरतात १४२. खोल कोण जाईल ते उघड आहे. म्हणून ‘जड म्हणजे खोल’ हे एकाच रचनेच्या दोन बुलेटची तुलना करताना खरं, वेगळ्या रचनेत नाही.

माझी निवड: शिसं चालत असेल तर १६५ ची बाँडेड. शिसं नको असेल किंवा नियमाने बंद असेल (कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीसाठी शिसं चालत नाही) तर तांब्याची, पण मग १६५ वर अडून बसू नका, १५० घ्या. हलकी असल्याने ती २८०० च्या आसपास निघते आणि तांब्याला वेग हवाच असतो. अनेक तांब्याच्या बुलेट १८०० ला उघडतात असं पाकिटावर लिहिलेलं असलं, तरी २००० च्या खाली जाऊ न देण्यात शहाणपण आहे.

मोजपट्टी

१५० घ्या, याला माझा दुजोरा, आणि कारण आणखी पक्कं आहे: तुमचा ट्विस्ट १:१२ आहे.

बुलेट स्थिर राहणं वजनावर कमी आणि लांबीवर जास्त अवलंबून असतं. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची बुलेट लांब होते. मिलरच्या सूत्रात (ट्विस्ट, लांबी आणि वजनावरून बुलेटची स्थिरता काढण्याचं सूत्र) आकडे घातले की फरक दिसतो. १६५ ग्रेनची शिशाची बुलेट १.१५ इंच लांब धरली तर १:१२ ला स्थिरतेचा गुणांक २.० येतो. तीच १६५ ग्रेन तांब्यात १.३५ इंच झाली तर १:१२ ला १.२६, आणि १:१० च्या बॅरलमध्ये १.८१. १५० ग्रेन तांब्याची १.२२ इंच धरली तर १:१२ लाही १.५३ मिळतो. १.५ च्या वर निर्धास्त, १.३ च्या खाली मी शिकारीला नेणार नाही. थंड, दाट हवेत गुणांक आणखी खाली येतो. शिवाय काठावरची बुलेट कागदावर बरी दिसते आणि जनावरात शिरल्यावर मात्र आडवी होते, नीट फुलत नाही.

ही लांबी मी उदाहरणापुरती धरली आहे. तुमच्या हातातली बुलेट कॅलिपरने मोजा आणि तो आकडा सूत्रात घाला. प्लास्टिकचं टोक असेल तर ते जवळजवळ बिनवजनाचं असतं, म्हणून पूर्ण लांबी घातली की सूत्र खऱ्यापेक्षा थोडा कमी गुणांक दाखवतं. बॅरलवर छापलेला ट्विस्टही एकदा तपासा: रिकाम्या रायफलीत क्लीनिंग रॉडवर घट्ट कापड लावा, रॉडवर खूण करा आणि एक पूर्ण फेरा होईपर्यंत रॉड किती इंच सरकतो ते मोजा. रॉडची मूठ फिरती हवी, नाहीतर आकडा खोटा येईल.

व्यासाबद्दलही सांगतो, कारण बाकी वाचणाऱ्यांना लागेल. .३०८ ला ०.३०८ इंच. पण .३०३ ब्रिटिशला ०.३११–०.३१२, त्यात .३०८ ची बुलेट घातली तर ती खोबणीत नीट बसत नाही आणि नेम विस्कटतो. उलट दिशेची चूक धोक्याची: जुन्या ०.३१८ च्या ८ मिमी बॅरलमध्ये ०.३२३ ची बुलेट गेली तर दाब मर्यादेबाहेर जातो. पाकिटावर ‘८ मिमी’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, मायक्रोमीटर लावा.

उत्तरवारा

१५० ची तांब्याची आणि १६५ ची बाँडेड, दोन्ही मागवतो. दोन शंका राहिल्या. १६५ बाँडेडसाठी तरी सध्याचा चार्ज ठेवू का? वजन आणि व्यास तेच आहेत. आणि तांब्याची बुलेट लँड्सपासून (बॅरलमधल्या खोबणींमधले उंचवटे) लांब ठेवायची म्हणतात, ते किती? काडतुसाची पूर्ण लांबी २.८० इंच ठेवली तर पुरे का?

सावकाश

चार्ज ठेवू नका. इथे घाई अजिबात चालणार नाही.

एकाच वजनाच्या दोन बुलेट बॅरलमध्ये सारखा दाब देत नाहीत. जॅकेट किती जाड, शिसं किती मऊ, बॅरलला घासणारा सरळ भाग किती लांब, बूड सपाट की निमुळतं, या सगळ्यावर रायफलिंगमध्ये शिरायला किती जोर लागतो ते ठरतं. दुसरी गोष्ट, लांब बुलेट त्याच पूर्ण लांबीत बसवली की ती केसमध्ये (काडतुसाच्या पितळी टरफलात) खोल जाते, पावडरला जागा कमी उरते आणि दाब चढतो. तांब्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम घडतात. आजच्या तांब्याच्या बुलेटवर खाचा असतात त्या घर्षण आणि दाब कमी करण्यासाठीच.

म्हणून प्रत्येक बुलेटसाठी तिच्याच उत्पादकाचं किंवा पावडर उत्पादकाचं, त्याच बुलेटचं नाव असलेलं कोष्टक घ्या. सुरुवातीच्या चार्जपासून निघा. कोष्टकात फक्त कमाल दिली असेल तर १० टक्के खाली उतरा. .३०८ च्या आकाराच्या केसमध्ये ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायरीने वर या. केस, प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर कोष्टकातलीच. जाड भिंतीची लष्करी केस आतून लहान असते, तिच्यात तोच चार्ज जास्त दाब देतो.

सपाट झालेला प्रायमर, केसच्या बुडावर इजेक्टरची चकाकती खूण, जड उघडणारा बोल्ट: ही लक्षणं उशिरा दिसतात. ती दिसेपर्यंत दाब मर्यादा ओलांडून गेलेला असतो. त्याआधीच सांगणारं साधन क्रोनोग्राफ आहे. कमाल चार्जला मॅन्युअल २७५० म्हणत असेल आणि तुमच्या तेवढ्याच बॅरलमध्ये एक ग्रेन आधीच २७५० आले, तर तुमची कमाल तीच. चार्ज तिथेच थांबवा, केसवर काही दिसो न दिसो.

आता सीटिंगचं, म्हणजे बुलेट केसमध्ये किती आत बसवायची त्याचं. २.८१० इंच ही .३०८ ची प्रमाणित कमाल पूर्ण लांबी आहे, तुमच्या मॅगझिनमध्ये ती बसते. पण टोकापासून मोजलेली लांबी लँड्सबद्दल काहीच सांगत नाही, कारण लँड्सना टेकतो तो ओजाइव्ह (बुलेटचा टोकाकडे निमुळता होणारा वळणदार भाग), टोक नव्हे. सॉफ्ट पॉइंटची टोकं तर एकाच पाकिटातही कमी-जास्त असतात. तुमच्या थ्रोटची (चेंबरपासून लँड्सपर्यंतचा भाग) लांबी काढायची सोपी रीत: रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. बोल्ट बंद करून, फायरिंग पिन बोल्टच्या तोंडाबाहेर डोकावू नये म्हणून कॉक ठेवून, सपाट टोकाचा रॉड तोंडाकडून घालून बोल्टच्या तोंडाला टेकवा आणि मझलच्या कडेला रॉडवर धारदार खूण करा. मग बोल्ट काढा, हवी ती बुलेट चेंबरकडून लँड्सना हलकेच टेकवून पेन्सिलने धरून ठेवा, रॉड तिच्या टोकाला टेकवा, दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या बुलेटची लँड्सना टेकणारी पूर्ण लांबी. चार-पाच वेळा करा. जोराने ढकललं तर बुलेट लँड्समध्ये रुतते आणि माप जास्त येतं. तेवढ्या लांबीचा एक नकली राउंड, पावडर-प्रायमरशिवाय, बसवा आणि कंपॅरेटरने (कॅलिपरला लावायचं जोडसाधन) ओजाइव्हपर्यंतचं माप लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या मापातून वजा करायचं.

तांब्याच्या बुलेटला ०.०५० इंच उडी (लँड्सपर्यंतचं मोकळं अंतर) द्या. काही रायफलींना ०.१०० सुद्धा मानवते. बाँडेडला ०.०३० पासून सुरू करा. दोन्हींत मॅगझिन आणि कोष्टकातली लांबी आधी, उडी नंतर. अंतर बदलून पाहायचं असेल तर ०.०२० च्या पायरीने, आणि मधल्या चार्जवर, कमाल चार्जवर नाही. लँड्सना टेकवून ठेवलेली शिकारी बुलेट दोन कारणांनी नको: दाब अचानक चढतो, आणि न झाडलेला राउंड बाहेर काढताना बुलेट बॅरलमध्ये अडकून पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडू शकते.

सीटिंग स्टेम (डायमधला बुलेट आत ढकलणारा दांडा) ओजाइव्हवर दाबणारा हवा. तो प्लास्टिकच्या टोकावर दाबत असेल तर टोक वाकडं होतं आणि प्रत्येक राउंडची लांबी वेगळी येते. केसच्या तोंडाला आतून उतार द्यायला विसरू नका, नाहीतर तांब्यावरून पातळ कीस निघतो. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये ०.००२ इंच नेक टेन्शन (केसच्या मानेची बुलेटवरची पकड) पुरतं, क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर दाबून बसवणं) लागत नाही. कॅनल्युअर (क्रिम्पसाठीची बुलेटभोवतीची खाच) नसलेल्या शिशाच्या बुलेटवर जोरदार क्रिम्प मारला तर जॅकेट दबतं आणि नेम बिघडतो.

काठाकाठाने

थोडं वेगळं विचारतो. .३०-३० ची लीव्हर अ‍ॅक्शन आहे, बॅरलखाली नळीचं मॅगझिन. व्यास ०.३०८ च आहे, तर वर सुचवलेली १५० ची टोकदार तांब्याची त्यात भरली तर?

सावकाश

नको. नळीच्या मॅगझिनमध्ये प्रत्येक काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेलं असतं. धक्का बसला की टोकदार बुलेट फायरिंग पिनचं काम करू शकते आणि मॅगझिनमध्येच स्फोट होतो. तिथे सपाट टोकाची बुलेट किंवा हॉर्नाडीच्या एफटीएक्ससारखी खास नळीसाठी बनवलेली मऊ टोकाची. साधं प्लास्टिकचं टोक त्या मऊ टोकासारखं नसतं, दिसायला सारखं असलं तरी. आणि तुमच्याकडे कॅनल्युअरमध्ये क्रिम्प हवाच, कारण स्प्रिंग आणि धक्का मिळून बुलेट केसमध्ये आत ढकलतात.

रानवाट

वेगाचंही कारण आहे. .३०-३० मधून १७० ग्रेनची सपाट बुलेट २२०० ने निघते आणि १०० यार्डांवर १९०० च्या आसपास येते. .३०८ च्या वेगासाठी बनवलेली तांब्याची बुलेट तिथे धड उघडणारच नाही. .३०-३० साठीच्या बुलेट मुद्दाम मऊ ठेवतात. त्या उलट मॅग्नममध्ये घातल्या तर चामड्यावरच फुटतील.

उत्तरवारा, पाकिटं आली की पडताळणी अशी करा. बुलेटचा प्रकार बदलण्याआधी बॅरलमधला जुना तांब्याचा थर रसायनाने पूर्ण काढा. वेगळ्या मिश्रधातूच्या थरावर नवी बुलेट झाडली की पहिले गट (निशाणावरच्या भोकांचे पुंजके) उगाच विस्कटलेले येतात. मग काही गोळ्या बॅरल स्थिरावण्यासाठी खर्च करा आणि त्यानंतर मोजायला लागा. तीन गोळ्यांच्या गटावरून लोड निवडू नका, त्यात नशिबाचा भाग फार असतो. पाच-पाचचे दोन गट एकाच निशाणावर एकत्र मांडा. २५० यार्डांवर दीड एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण चार इंच. हरणाच्या छातीचा नेमाचा भाग आठ इंच धरला तर तेवढी अचूकता पुरे आहे. त्यापेक्षा अर्धा इंच कमी करण्यासाठी कमाल चार्जच्या मागे लागणं मला पटत नाही. थंड बॅरलची पहिली गोळी कुठे पडते, ते मात्र वेगवेगळ्या दिवशी बघा. शिकारीत कामाला येते ती तीच.

फुलणं तपासायला पाण्याने भरलेले डबे ओळीने ठेवतात. पण पाणी जनावराच्या शरीरापेक्षा बुलेटला जास्त सहज उघडतं, विशेषतः पोकळ टोकाच्या तांब्याच्या बुलेटला. म्हणून पाण्यात सुंदर उघडली एवढ्यावर समाधान मानू नका. रात्रभर भिजवलेली, घट्ट बांधलेली वर्तमानपत्रं बरी. त्यातली खोली मांसातल्या खोलीइतकी नसते, पण दोन बुलेटची आपसात तुलना होते. तुमच्या दोन्ही बुलेट ५० आणि २५० यार्डांवर झाडा, बाहेर काढा, वजन करा, फुललेला व्यास मोजा. २५० वर व्यास मूळच्या दीडपटही झाला नसेल तर ती बुलेट तुमच्या अंतरासाठी बाद. लांबचा वेग जवळून मिळावा म्हणून पावडर मनाने कमी करू नका. काही पावडरी ठरावीक मर्यादेखाली अनियमित जळतात, आणि बुलेट बॅरलमध्ये अडकली तर पुढची गोळी रायफल फोडेल.

उत्तरवारा

समजलं. एक शेवटचं: १६८ ग्रेनच्या मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेसाठीच्या, हॉलो पॉइंट (टोकाला भोक असलेल्या) बुलेट बऱ्याच पडून आहेत आणि या रायफलीत त्यांचा गट सगळ्यात लहान येतो. हरणापुरत्या त्या वापरल्या तर?

मोजपट्टी

त्यांचं टोकाचं भोक जॅकेट बुडाकडून ओढून बनवण्याच्या पद्धतीमुळे उरतं, फुलण्यासाठी ठेवलेलं नसतं. म्हणून एक बुलेट भोक पाडून जाते, दुसरी बरगडीवर फुटते, आणि आधी कळायला मार्ग नसतो. सिएरा कंपनी स्वतः आपली मॅचकिंग ही मॅच बुलेट शिकारीसाठी वापरू नका म्हणते. त्या कागदावर सरावासाठी ठेवा. १६५ बाँडेडचा लोड ठरला की सरावाच्या लोडचा वेग तिच्याजवळ आणा, म्हणजे धक्का आणि उतार जवळपास सारखे राहतील. दुर्बिणीचा झीरो (नेमाची जुळवणी) मात्र शिकारीच्या बुलेटवरच लावा.

आणि दोन्ही पाकिटांवरचा लॉट नंबर वहीत चार्जशेजारी लिहून ठेवा. पुढचं पाकीट वेगळ्या लॉटचं असेल तर दहा बुलेटचं वजन आणि बूड ते ओजाइव्ह माप घ्या. माप ०.००५ इंचाने जरी सरकलं असलं तरी सीटिंग डाय नव्याने लावा, आणि पावडरचा लॉटही बदलला असेल तर चार्ज पुन्हा खालून चढवत या.